गंज मोहरीएवढा असतानाच गाठावा
जुन्या गाडीच्या पत्र्याची राखण : खाऱ्या पाण्याच्या मुलखातील घरांसाठी

शेतकऱ्याच्या दारातली गाडी ही मिरवायची वस्तू नसते. सकाळी तीच बियाण्याची पिशवी आणते, दुपारी संत्र्याचे क्रेट बाजारात पोहोचवते आणि रात्री-अपरात्री घरात कुणाच्या पोटात दुखू लागले तर तीच खामगाव-अकोल्याचा दवाखाना गाठून देते. जळगाव जामोद तालुक्यात अशा गाड्या बऱ्याच दिसतात. त्यांपैकी पुष्कळशा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हाताच्या, वीस-पंचवीस वर्षांच्या असतात. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. तेव्हापासून जीप हे शेतकऱ्याच्या ओळखीचे वाहन झाले. पुढे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यम घरांतही मोटार शिरली. तिचे उत्पादन २०१४ साली बंद झाले, ॲम्बेसेडरही त्याच वर्षी थांबली, तरी गावोगावी या गाड्या अजून चालतात.

अशा गाडीचे इंजिन थकले तर ते उतरवून दुरुस्त करता येते. टायर, बॅटरी, क्लचप्लेट बदलता येते. पण पत्रा एकदा आतून कुजला की गाडीचे आयुष्य सरले म्हणून समजावे. पत्रा कुजतो तो गंजामुळे, आणि तो एका दिवसात कुजत नाही. दोन-तीन वर्षे गंज रंगाखाली मुकाट्याने काम करीत असतो. या काळात तो शोधता आला तर अर्ध्या दिवसाच्या घरच्या मेहनतीने थांबतो. साहित्याचा खर्चही एखाद्या फवारणीच्या औषधापेक्षा फारसा जास्त येत नाही. तो कसा शोधावा आणि कसा थांबवावा, ते येथे क्रमाने सांगतो.

गंज चढतो म्हणजे काय होते ?

लोखंडाला गंज चढण्यासाठी पाणी आणि हवेतील प्राणवायू दोन्ही लागतात. पत्र्यावर ओलावा बसला की लोखंडाच्या पृष्ठभागावर अगदी लहान लहान विजेचे घट तयार होतात. एका जागी लोखंड विरघळते, शेजारी प्राणवायू त्याला मिळतो आणि तांबूस भुकटी तयार होते. या घटांत वीज जितकी सहज वाहील तितके लोखंड लवकर खाल्ले जाते. पाण्यात क्षार असले की वीज सहज वाहते.

विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल तुमच्या घरात असेल तर तो काढून पाहावा. त्यात ‘विद्युत वाहकता’ असा एक आकडा असतो. तो डेसिसायमन प्रति मीटर या मापात २.२५ च्या वर असेल तर ते पाणी ओलितासाठी अतिशय खारे समजतात. जे पाणी संत्र्याच्या झाडाला सोसत नाही, ते गाडीच्या पत्र्यालाही सोसत नाही. कारण वेगळे असले तरी दोघांचा वैरी तोच क्षार आहे.

दुसरी गोष्ट अशी की गंजाचा थर भुसभुशीत असतो. जर्मनच्या पातेल्यावर हवेने जो पातळ थर येतो तो घट्ट बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज तसे करीत नाही. तो स्पंजासारखा ओलावा धरून ठेवतो आणि खालच्या ताज्या लोखंडाला पोखरत राहतो. शिवाय ज्या लोखंडापासून तो होतो त्याच्या दुपटीहून अधिक जागा त्याला लागते. म्हणून तो वरच्या रंगाला उचलतो आणि रंगावर फोड येतो. मोटारीचा बाहेरचा पत्रा बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. गंजाला पुरायला तो कितीसा लागणार ?

कापूस पिकवणाऱ्यांना हे चांगले समजेल. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की बाहेरून बोंड हिरवेगार, निरोगी दिसते, आत मात्र सरकी खाल्लेली असते. २०१७ च्या हंगामात विदर्भाने हा अनुभव चांगलाच घेतला. तेव्हापासून आपण बोंडे फोडून पाहायला आणि डोमकळ्या शोधायला शिकलो. गाडीच्या रंगावरचा फोड म्हणजे तिची डोमकळी होय.

आपल्या भागातले चार वैरी

पहिला वैरी खारे पाणी. तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याचा पायथा आहे आणि दक्षिणेकडे जमीन पूर्णा नदीकडे उतरत जाते. या उतरत्या काळ्या जमिनीत खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून तो पूर्णेच्या खोऱ्यात पसरला आहे. तिथल्या बोअरच्या पाण्याने गाडी धुतली आणि उन्हात तशीच वाळू दिली की पत्र्यावर पांढरे डाग उमटतात. ते डाग म्हणजे मिठाचे कण. रात्री हवेत दमटपणा आला की तो क्षार ओलावा ओढून घेतो आणि पत्रा पाण्याशिवायच ओला राहतो. समुद्रकाठच्या गाड्या लवकर का गंजतात ते आपण ऐकलेले असते. खारपाणपट्ट्यातल्या गाडीला समुद्र दिसला नाही तरी मीठ चुकत नाही.

दुसरा वैरी काळी माती. पावसाळ्यात चाकाने उडालेली चिकण माती मडगार्डच्या आत, दुमडलेल्या कडेवर जाऊन बसते. आपली काळी जमीन ओल धरून ठेवते म्हणून आपण तिचे कौतुक करतो. तोच गुण इथे आड येतो. बाहेर आठ दिवस ऊन पडले तरी मडगार्डच्या कडेतला गोळा आतून ओलाच असतो. २२ जुलै २०२३ ला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी होऊन पूर आला होता. त्या वेळी ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या त्यांच्या दारांत आणि फूटबोर्डाखालच्या पोकळ पेटीत गाळ शिरलेला असण्याचा संभव आहे. वरून स्वच्छ केलेल्या अशा गाड्यांचा गंज दोन-तीन वर्षांनी बाहेर दिसू लागतो. त्या काळातली गाडी तुमच्याकडे असेल किंवा तुम्ही जुनी गाडी विकत घेत असाल, तर तपासणीत कसूर करू नये.

तिसरा वैरी खत. डिकीतून खताच्या बॅगा नेताना दाणे सांडतात आणि सतरंजीखाली जातात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यातला क्लोराइड हा लोखंडाचा फार जुना शत्रू आहे. युरिया हवेतून ओल ओढतो. मूठभर दाणे आणि एक ओला गोणपाट मिळून डिकीचा तळ दोन पावसाळ्यांत चाळणी करू शकतात.

चौथा वैरी मोरचूद. संत्रा बागायतदार बोर्डो मिश्रण तयार झाले की नाही हे पाहण्यासाठी त्यात लोखंडी विळा किंवा खिळा बुडवतात. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालतात. हा थर कोठून येतो ? मोरचुदातले तांबे लोखंडावर बसते आणि तेवढे लोखंड द्रावणात विरघळते. विळ्यावर जे होते तेच मोरचुदाचे पाणी सांडले तर गाडीच्या उघड्या पत्र्यावर होते. म्हणून मोरचूद, फवारणीचा पंप आणि खत गाडीत नेताना खाली जाड प्लास्टिकचा ट्रे किंवा घमेले ठेवावे.

तपासणी कशी करावी ?

दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो. पाऊस संपलेला असतो, हवा कोरडी होत असते. पूजेच्या आदल्या दिवशीच तपासणी करण्याचा नेम ठेवावा. गाडी गोड्या पाण्याने धुवावी, चाकाच्या आतल्या बाजूचा चिखल काडीने उकरून काढावा आणि सुती कापडाने पुसून कोरडी करावी. मग कोवळ्या उन्हात उभी करावी. तिरपे ऊन पत्र्यावर पडले की दुपारी न दिसणारे उंचवटे सकाळी दिसतात.

प्रथम हाताने पाहावे. तळवा पत्र्यावरून हलकेच फिरवावा. नजर चुकते, पण बोटाला मोहरीएवढा फोडही कळतो. हे काम घरातल्या बायकांना चांगले जमते. भाकरीच्या पिठातला खडा ज्यांच्या बोटांना कळतो त्यांच्या हातून फोड सुटत नाही.

नंतर टिचकी मारून ऐकावे. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो. आतून कुजलेला किंवा वरून लांबी भरलेला पत्रा बद्द आवाज करतो. पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्याला लावून पाहावे. ते जिथे नीट धरत नाही तिथे रंगाखाली लांबीचा जाड थर आहे असे समजावे. जुनी गाडी घेताना ही परीक्षा फार कामाची आहे.

कोठे पाहायचे त्याची यादी अशी :

१. चारही मडगार्डची आत दुमडलेली कड आणि मागच्या चाकामागचा पत्रा.

२. दारांचा खालचा काठ. दाराच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात. ती मातीने बुजली की दार म्हणजे पाण्याचे टाके होते. कडुनिंबाच्या काडीने ती मोकळी करावीत. खिळा घालू नये, त्याने रंग खरवडतो.

३. दाराखालची लांब पोकळ पेटी आणि जॅक लावण्याची जागा.

४. समोरच्या काचेच्या रबराखालचा पत्रा आणि वायपरखालची पन्हळ. झाडाची पाने आणि पूजेच्या हारातली झेंडूची फुले इथेच अडकून कुजतात.

५. छताची पन्हळ आणि कॅरियर जिथे घट्ट बसतो त्या जागा. जीपला ताडपत्री असेल तर ओली ताडपत्री जिथे पत्र्याला टेकते ती जागा.

६. बोनेटची पुढची कड. खडीच्या रस्त्यावर उडालेल्या दगडांनी इथला रंग टिचतो.

७. डिकीत स्टेपनीखालचा खळगा.

८. आत पायाखालचे मॅट उचलून संपूर्ण तळ. आसनाचे आणि सुरक्षा पट्ट्याचे बोल्ट जिथे पत्र्यात बसतात ती जागा टॉर्चने नीट पाहावी.

९. बॅटरीखालचे तबक. बॅटरीतले आम्ल ठिबकून तिथला रंग जातो.

जिथे शंका येईल तिथे खडूने खूण करावी आणि वहीत तारीख टाकून नोंद ठेवावी. पुढच्या वर्षी तीच खूण वाढली की नाही ते त्यामुळे कळते.

डाग, फोड आणि भोक

पिकावर कीड दिसली की आपण लगेच पंप पाठीला लावत नाही. नुकसानीची पातळी पाहतो. गंजाच्याही तीन पातळ्या आहेत.

पहिली पातळी डागाची. रंग टिचला आहे, तांबूस रेघ आहे, पण नख लावले तर पत्रा सपाट आणि घट्ट लागतो. हे काम घरी होते.

दुसरी पातळी फोडाची. रंग उचलला आहे, खाली खवले आणि लहान खड्डे आहेत. दाभणाचे टोक दाबले तर पत्रा दबत नाही. हेही घरी होते, फक्त खरवडण्याची मेहनत अधिक लागते. फोड बाहेरून न टिचताच आला असेल तर गंज आतल्या बाजूने आलेला आहे असे समजावे. मग आतली बाजू साफ केल्याशिवाय बाहेरचे काम टिकत नाही.

तिसरी पातळी भोकाची. दाभण आत जातो किंवा पत्रा पापडासारखा चुरतो. इथे रंगाचा उपयोग नाही. कुजलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो आणि ते जाणत्या मिस्त्रीचे काम आहे. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढली का आणि पेट्रोलची टाकी जवळ असेल तर ती उतरवली का, हे मालकाने उभे राहून पाहावे.

भोक मडगार्डला असेल तर ते दिसायला वाईट, एवढेच. तळाला, चासीला, सस्पेन्शनच्या जोडाजवळ किंवा सुरक्षा पट्ट्याच्या बोल्टाजवळ असेल तर जिवाशी गाठ आहे. आपल्याच भागातील एका बागायतदाराच्या घरच्या, १९९८ सालच्या छोट्या मोटारीत हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. बाहेरून गाडीला नवा चकचकीत रंग दिलेला. मॅट उचलून पुढच्या आसनाच्या पट्ट्याचा खालचा बोल्ट हाताने हलवला, तर भोवतालच्या पत्र्यासकट तो वर आला. त्या आसनावर घरातली सून तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी जात असे. पट्टा लावला होता म्हणून सगळे निर्धास्त होते. पण धक्का बसला असता तर तो पट्टा कशाला धरून राहणार होता ? नव्या रंगाच्या पैशांत तळाचा पत्रा बदलून झाला असता.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे तपासणी होऊन दर ५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. तेव्हा आपल्या ‘एमएच २८’ च्या जुन्या गाड्यांना ही तपासणी चुकत नाही. पण तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये. गाडीत आपलीच माणसे बसतात.

उपचार : पायरी पायरीने

साहित्य : तारेचा ब्रश, खरवडणी, ८०, २२० आणि ४०० नंबरचे पॉलिश पेपर, चिकटपट्टी, जुनी वर्तमानपत्रे, गंजावर लावायचे औषध, प्रायमर, गाडीच्या रंगाचा डबा किंवा स्प्रे, वरचे लॅकर, थिनर, स्वच्छ फडकी. डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे आणि तोंडाला मास्क हवाच. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून त्याची धूळ उडू देऊ नये, पेपर पाण्यात भिजवून घासावे आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. थिनरजवळ विडी, चूल, दिवा नको.

वेळ : दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. सकाळी दव वाळल्यावर सुरुवात करावी आणि सावलीत काम करावे. मे महिन्यात पत्रा इतका तापतो की रंग सपाट पसरण्याआधीच थिनर उडून जातो. पावसाळ्यात प्रायमरखाली ओल कोंडली जाते.

पहिली पायरी, धुणे. गोडे पाणी आणि साबण वापरावा. क्षार निघाला नाही तर पुढचे सारे काम फुकट जाते. बॅटरीच्या तबकावर आम्ल असेल तर पेलाभर पाण्यात मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून ते ओतावे, फेस थांबेपर्यंत थांबावे, मग धुवावे.

दुसरी पायरी, खरवडणे. फोड फोडून सैल रंग आणि खवले काढावेत. ८० नंबरच्या पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावे. दिसणाऱ्या डागाच्या चारी बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर पुढे, निरोगी रंग लागेपर्यंत जावे. रोगट फांदी छाटताना आपण निरोगी लाकडापर्यंत छाटतो, तोच नियम इथे पाळावा. शेवटी २२० नंबरने रंगाची कड उतरती करावी, म्हणजे पायरी दिसणार नाही.

तिसरी पायरी, औषध. बारीक खड्ड्यांतला गंज पेपरने निघत नाही. त्यासाठी दुकानात ‘रस्ट कन्व्हर्टर’ नावाची बाटली मिळते. त्यात फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन असते. फॉस्फोरिक आम्ल गंजाशी संयोग होऊन लोह फॉस्फेटचा थर करते. दिल्लीत मेहरौलीला असलेला लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर रक्षण करणारा फॉस्फेटयुक्त थर तयार झाला, असे आयआयटी कानपूरचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले. टॅनिनची ओळखही आपल्याला आहेच. हिरड्याच्या काढ्यात लोखंड पडले की काळी शाई होते. टॅनिनचे औषध लावल्यावर गंज काळा पडतो, तो याच कारणाने. घरी काढा करून मात्र लावू नये, त्याचे प्रमाण साधत नाही. तयार औषध घ्यावे आणि कीटकनाशकाच्या डब्यावरची सूचना वाचतो तशी बाटलीवरची सूचना वाचावी. काही औषधे ठरलेल्या वेळानंतर पुसून धुवावी लागतात, काही तशीच राहू द्यावी लागतात.

चौथी पायरी, प्रायमर. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नये. रात्रीच्या दवाने सकाळी त्यावर पुन्हा तांबूस झाक येते. औषध पूर्ण वाळले की त्याच दिवशी, थिनरच्या फडक्याने पुसून, प्रायमरचे दोन पातळ हात द्यावेत. बाहेरच्या पत्र्याला झिंक फॉस्फेट किंवा इपॉक्सी प्रायमर चांगला. खालच्या बाजूला रेड ऑक्साइडही चालतो. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे.

पाचवी पायरी, लांबी. खड्डे असतील तरच भरावी आणि तीही प्रायमरवर. लांबी पाणी पिते. गंजावर थेट लांबी भरणे म्हणजे ओल्या भिंतीवर गिलावा करणे होय. वाळल्यावर ४०० नंबरने घासून पुन्हा प्रायमरचा हात द्यावा.

सहावी पायरी, रंग. गाडीच्या पाटीवर रंगाचा क्रमांक असतो. तो दाखवला तर रंगाचे दुकानदार जुळता रंग करून देतात. दोन-तीन पातळ हात, मध्ये वाळण्यास वेळ, आणि शेवटी लॅकर. पुढे महिनाभर त्या जागी मेण किंवा पॉलिश लावू नये, रंग आतून पक्का होऊ द्यावा. छटा थोडी वेगळी दिसली तरी हरकत नाही. ठिगळ लावलेले धोतर फाटक्यापेक्षा बरे.

हे करू नये

लिंबू आणि मीठ चोळून पितळेची भांडी उजळतात, पण गाडीच्या पत्र्यावर मीठ लावणे म्हणजे वैऱ्याला घरात घेणे. चिंचेचेही तसेच. तिचे आम्ल गंज काढते खरे, पण सांध्यात राहिले की पुन्हा खाऊ लागते.

गाडीखाली इंजिनचे जळके ऑइल फासण्याची चाल आहे. त्याने रबरी बुश फुगतात, धूळ चिकटते, ब्रेकवर थेंब गेला तर धोका होतो आणि अंगणातली माती नासते. त्याऐवजी खालच्या पत्र्यासाठी मिळणारे रबरी कोटिंग, आणि पोकळ पेटीत मेणाचा फवारा वापरावा. हे कोटिंगही ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर देऊ नये. खाली ओल कोंडली की बाहेरून सारे काळेभोर आणि आत सारे तांबडे, अशी गत होते.

पाण्याची मशीन लावून धुताना खालच्या पत्र्यावर बोअरचे खारे पाणी जोराने मारू नये. ते अशा सांध्यांत शिरते जिथून ते वाळत नाही.

वर्षाचा नेम

अक्षय तृतीयेला भेंडवळची घटमांडणी झाली की आपले पावसाकडे लक्ष लागते. त्याच आठवड्यात गाडीच्या दारांची छिद्रे, छताची पन्हळ आणि मडगार्डच्या कडा मोकळ्या करून घ्याव्यात. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा चाकामागचा चिखल काढावा आणि मॅट उचलून वाळवावेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतो, त्याच दिवशी गाडीच्या पोटाखाली एकदा नजर टाकावी. दसऱ्याला पूर्ण तपासणी करावी. दिवाळीनंतर, कापसाच्या वेचणीतून एक मोकळा दिवस काढून उपचार करावा.

गाडी धुण्यासाठी गोडे पाणी हवे, आणि खारपाणपट्ट्यात ते जपून वापरावे लागते. वान धरणावरून नळाने येणारे पाणी पिण्यासाठी आहे, ते गाडीवर ओतू नये. पावसाळ्यात छपराच्या पन्हळीखाली एक ड्रम ठेवला तर गाडीपुरते पाणी निसर्गच देतो. नाहीच मिळाले तर खाऱ्या पाण्याने धुऊन शेवटी एक बादली गोडे पाणी वरून सोडावे आणि लगेच कोरडे पुसून घ्यावे. उन्हात आपोआप वाळू देऊ नये, एवढे पाळले तरी निम्मे काम होते.

गाडी उभी करायची ती गोठ्याशेजारी किंवा खताच्या कोठीत नको. गोमूत्राची ओल आणि खताची वाफ तिला मानवत नाही. वारा खेळेल अशा छपराखाली, कोरड्या जमिनीवर उभी करावी. अंगावर प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळली की आत घाम धरतो, म्हणून झाकायचे तर कापडी झाकण घ्यावे.

या रविवारी एवढेच करावे. गाडीतले सगळे मॅट उचलून उन्हात टाकावेत, टॉर्च घ्यावा आणि पट्ट्यांचे व आसनांचे बोल्ट एकेक करून हाताने हलवून पाहावेत. सगळे घट्ट निघाले तर बाकीची तपासणी दसऱ्यापर्यंत थांबू शकते. एक जरी हलला, तर त्या आसनावर मिस्त्रीने हात लावीपर्यंत कुणालाही बसवू नये.